चौघांच्या पाककृतीला चारानं भागू नका

"एकटीपुरतं काय करत बसायचं गं, मागव काहीतरी!" महिन्यातून दोनदा तरी हे मला कुणीतरी ऐकवतं. प्रेमानंच. पण त्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की स्वयंपाक म्हणजे घरभर माणसांचा आणि एकटीचा म्हणजे त्यातलाच उरलासुरला तुकडा. गेली सहा वर्षं टीचभर स्वयंपाकघरात मी रोज एकटीपुरतं रांधते आहे. माझं मत आता पक्कं झालंय, की एकटीचा स्वयंपाक हा चौघांच्या स्वयंपाकाचा पाव हिस्सा नसतो. त्याचा हिशेबच वेगळा आहे. हे उशिरा कळलं, म्हणून पहिलं वर्षभर कच्चं, करपलेलं आणि शिळं खाल्लं.

आधी जागेबद्दल. हात पसरले की दोन्हीकडच्या भिंतींना बोटं लागतात. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये दीड वीत ओटा. फ्रिजचं दार पूर्ण उघडायचं तर मला स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागतं, हे अतिशयोक्ती न करता सांगते आहे.

तर पहिल्याच आठवड्यात भात लावला. पाककृती चौघांची होती, दोन वाट्या तांदळाला तीन वाट्या पाणी. मी सरळ चारानं भागलं. अर्धी वाटी तांदूळ, पाऊण वाटी पाणी. गणित बिनचूक, भात मात्र खाली करपलेला आणि वर टचटचीत कच्चा. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी तांदळाला शिव्या दिल्या.

दोष तांदळाचा नव्हता. एक वाटी तांदूळ ढोबळमानानं वाटीभरच पाणी पितो. वरचं जे पाणी आपण घालतो ते वाफ होऊन जाण्यासाठी असतं. आणि वाफ किती जाणार हे आत तांदूळ किती आहे यावर ठरत नाही. पातेलं किती पसरट, झाकण किती घट्ट, शेगडीवर किती वेळ, यावर ठरतं. म्हणजे चौघांच्या भातात दोन वाट्या तांदळात मुरल्या आणि एक वाटी उडाली. माझ्या अर्ध्या वाटीला मुरायला अर्धी वाटी हवी होती आणि त्याच पातेल्यातून उडायला जवळपास एक वाटी होतीच. लागणार होतं दीड वाटी, मी घातलं त्याच्या निम्मं! हे एकदा डोक्यात शिरलं आणि मी दोन गोष्टी केल्या. पातेलं लहान घेतलं, झाकण घट्ट बसणारं घेतलं. त्यानंतर भात बिघडला तो फक्त मी फोनवर बोलत बसले तेव्हाच.

तेलाचंही तसंच. तेल तव्याचा तळ भिजेल एवढं लागतं, त्यात एक कांदा पडणार की चार, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मीठ मात्र इमानदार, ते मालाच्या मापानं कमी होतं. आणि वेळ तर अजिबात ऐकत नाही. चार बटाट्यांऐवजी एक उकडला म्हणून तो पाव वेळात शिजत नाही, उष्णता त्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. पाणी तेवढं लवकर उकळतं, कारण ते कमी असतं. ज्यांनी 'चौघांसाठी' लिहून खाली 'प्रमाण कमी-जास्त करता येईल' अशी ओळ टाकली आहे, त्यांना मी एकदा माझ्या ओट्यापाशी उभं करणार आहे.

थोडक्या मालाचा एक फायदा मात्र फार कुणी सांगत नाही. भाजी खरपूस व्हायची तर तिचा पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. आणि पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. चौघांची भाजी एकाच कढईत कोंबली की ती आपल्याच पाण्यात उकडते, फिकट पडते. माझी मूठभर भाजी तव्यावर ऐसपैस पसरते, प्रत्येक फोडीला तवा मिळतो. माझ्या मशरूमला जो रंग येतो तो मोठ्या घरच्या कढईत मी क्वचितच पाहिलाय. हे मी जरा मिरवतेच.

जागेच्या अडचणीचं रडगाणं गाणाऱ्यांना (त्यात मीही होते) एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२६ साली मार्गारेट श्युट्टे-लिहोट्झ्की नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या स्वस्त घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. अंदाजे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. नमुना होता रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा. पावलं मोजली, कामाला लागणारा वेळ मोजला आणि मग कप्पे ठरवले. कोरड्या सामानासाठी ओतायला तोटी असलेले ॲल्युमिनियमचे खण, पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, म्हणजे कीड लागायची नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. गंमत म्हणजे बाईंना त्याआधी स्वयंपाकाचा अनुभव नव्हता, हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. पुढे त्यावर टीका झाली, की त्यात एकच बाई मावते आणि ती घरापासून तुटते. टीका रास्त आहे. पण मी राहतेच एकटी! मला तर उभ्या जागी सगळं हाताला लागतं हेच सुख वाटतं.

त्यांच्याकडून मी उचललं ते एवढंच, की आधी आपली हालचाल बघायची, मग वस्तू घ्यायची. आठवडाभर पाहिलं तर माझी सगळी कुचंबणा कापण्यापाशी होत होती. दीड वितीत चॉपिंग बोर्ड ठेवला की ताट ठेवायला जागा नाही. मग सिंकच्या काठांवर आडवा बसेल एवढ्या लांबीचा बोर्ड आणला. सिंक झाकलं गेलं आणि ओटा दुप्पट झाला. कापून झालं की सालं बाजूच्या डब्यात, बोर्ड उभा करून भिंतीला, आणि सिंक पुन्हा सिंक. माझ्या स्वयंपाकघरातली ही सगळ्यात मोठी क्रांती, आणि तिला वीजही लागत नाही.

वीज लागणाऱ्या गोष्टींबद्दल माझं मत बरं नाही. सॅंडविच करायचं यंत्र, अंडी उकडायचं यंत्र, भाजी किसायचं यंत्र. प्रत्येक यंत्र एक काम करतं आणि बारा महिने जागा अडवतं. आता ओट्यावर १६ सेंटीमीटरचं झाकणाचं पातेलं, २० सेंटीमीटरचा खोलगट तवा आणि एक चांगली सुरी, बस. हो, मध्ये मोह झाला होता. बाहुलीच्या खेळातलं वाटावं असं एक इवलंसं पातेलं घेऊन आले, मोठ्या कौतुकानं इंडक्शनवर ठेवलं, तर शेगडी नुसती टूं टूं करत बसली. तळ फारच लहान असला की बऱ्याच इंडक्शनना वर भांडं आहे हेच कळत नाही. साधारण १२ सेंटीमीटरच्या खाली ही पंचाईत होते. ते पातेलं आता चमचे सांभाळतं.

कालचंच जेवण सांगते. तवा तापवून चमचाभर तेल, एक लहान कांदा बारीक चिरून. कांद्याचा सुरुवातीचा चर्र आवाज हळूहळू मऊ होतो, तेव्हा पाणी सुटून उडत असतं. तो पुन्हा कोरडा, तडतडता झाला की दोन टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो पार मोडून चमच्यामागे वाट राहायला लागली, तशी मूठभर पालकाची पानं टाकली, ती पाहता पाहता निम्म्याहून कमी झाली. मग चमच्याच्या पाठीनं दोन खड्डे केले, दोन अंडी फोडून त्यात सोडली आणि झाकण. झाकण हवंच, कारण तवा फक्त खालून तापतो, वरचा पांढरा भाग वाफेनं शिजतो. पांढरं साठ अंशांच्या थोडं पुढे आळायला लागतं, पिवळ्याला त्याहून जास्त लागतं. म्हणून कडेचं पांढरं घट्ट झालं की शेगडी बंद करून झाकण तसंच ठेवायचं. मध्यावर पिवळं अजून थरथरत असतं तोवर खायला बसायचं. वीस मिनिटं, एक तवा, एक सुरी. आणि मी तव्यातूनच खाल्लं. कोण बघतंय?

आता ज्यावर माझं आणि मैत्रिणींचं भांडण होतं तो विषय. रविवारी बसून आठवड्याचे डबे भरून ठेवायचे. मी केलं ते, दोन महिने. सोमवारी कौतुक, मंगळवारी सोय, बुधवारी तोच वास, गुरुवारी मी झाकण उघडून लगेच लावते आणि काहीतरी मागवते. म्हणजे कष्ट गेले, पैसे गेले आणि डबा शनिवारी कचऱ्यात. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. माझे गुरुवारचे डबे त्यात धरलेले असणार.

मी आता पदार्थ साठवत नाही, कच्चा माल अर्धवट तयार करून साठवते. कडधान्य एकदाच भरपूर शिजवायचं, नुसत्या मिठाचं, आणि वाटी-वाटीभर गोठवायचं. ते सोमवारी सूप होतं, बुधवारी सॅलडमध्ये जातं, शुक्रवारी कांद्याबरोबर परतलं जातं. एकच माल, पण जिभेला तो तीनदा वेगळा भेटतो. शिजलेल्या भाताच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. त्यात 'बॅसिलस सेरिअस' जातीच्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहू शकतात. भात तासन्तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे उरलेला भात पसरट डब्यात लवकर गार करून तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर ओट्यावर राहिला तर मन घट्ट करून टाकून द्यायचा.

अर्ध्या कांद्याची सोय लागली आहे, मुळाकडचा अर्धा ठेवायचा, तो सुटत नाही. अर्ध्या लिंबाची लागली, पिळून बर्फाच्या ट्रेमध्ये. पालेभाजीच्या जुडीपुढे मात्र मी हरले आहे. जुडी कुणी पाव देत नाही. पानं धुऊन, खडखडीत कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवली तर चार-पाच दिवस निघतात, पण सहाव्या दिवशी तळाला तो काळा चिकट गोळा असतोच. सध्या वरच्या मजल्यावरची एक बाई आणि मी जुडी अर्धी-अर्धी वाटून घेतो. ती देठं खात नाही, मला देठंच आवडतात. तुमच्यापैकी एकट्यानं राहणारे काय करता?