रोबोटसाठी शेत विकायच्या आधी

‘कंबरेखालचं अंग गेलेला माणूस रोबोटवर तीन महिन्यांत चालू लागतो. फिजिओकडून हातानं करून घ्यायच्या व्यायामात वेळ घालवू नका, उशीर झाला तर सगळं गेलं.’ व्हिडिओसह हा मेसेज नागपुरात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत पोचलाय. मी फिजिओ आहे, मज्जारज्जूला, म्हणजे मेंदूचे निरोप खाली नेणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या दोरीला, इजा झालेल्या रुग्णांना व्यायाम देतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

व्हिडिओ खरा आहे. पण नीट बघा: पट्ट्यांनी अंगाचा भार वर तोललाय, खाली ट्रेडमिल फिरतेय आणि पाय मोटारी उचलताहेत. पट्टे सोडल्यावर तो माणूस किती पावलं टाकतो, ते त्यात नाही.

तीन महिने कुणाला? गुदद्वाराजवळचा स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, यावरून मज्जारज्जूची इजा पूर्ण की अपूर्ण ते ठरतं. अपूर्ण इजेत मेंदूचे काही निरोप खाली पोचत असतात, पुन्हापुन्हा पावलं टाकून ती वाट पक्की करता येते. तिथं रोबोट खरंच कामाचा, कारण पाय धरून आम्ही दमतो, तो दमत नाही. पूर्ण इजेत मात्र तुटलेली वाट तो जोडत नाही. अंगावर चढवून चालायचा ‘रीवॉक’ हा मोटारींचा सांगाडा अमेरिकेत 2014 साली घरगुती वापरासाठी मंजूर झाला, तोही सोबत प्रशिक्षित माणूस असेल तरच.

हातानं घेतलेला व्यायाम वाया जातो, हे तर साफ चूक. 2011 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत जुन्या अपूर्ण इजेच्या रुग्णांचे चार गट केले होते. साध्या जमिनीवर, स्नायूंना विजेची हलकी चेतना देत चालवलेल्यांचं चालण्याचं अंतर सगळ्यांत जास्त वाढलं. रोबोटच्या गटाचा वेग जवळपास होता तिथंच राहिला. नुकत्याच झालेल्या अपूर्ण इजेत रोबोटनं जास्त फायदा दिल्याचंही पुढच्या अभ्यासांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण तो नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला.

आणि मेसेजमध्ये धोक्याचा शब्दही नाही. इजेखालची हाडं काही महिन्यांतच ठिसूळ होतात, पट्ट्याखालची कातडी सोलली तर रुग्णाला कळत नाही, उभं करताच रक्तदाब घसरून चक्कर येते.

उमरेडकडचा एक पोरगा मे महिन्यात कवेलू फेरताना छपरावरून पडला. छातीच्या वरच्या भागाच्या पातळीवर मज्जारज्जूची पूर्ण इजा. हा मेसेज वाचून वडील दोन एकर विकायला निघाले होते. ‘सर, पोरगा उभा तं होईल ना?’ त्या दिवशी पोराच्या माकडहाडावर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब राहून झालेली जखम, होती, व्हीलचेअरवर साधी गादी नव्हती आणि लघवीची नळी कधी बदलली ते कुणालाच आठवत नव्हतं. अशा रुग्णाचा जीव बेडसोरच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानं जाऊ शकतो, न चालल्यानं नाही. मला राग येतो तो इथं: त्या मेसेजनं एका बापाचं लक्ष नको तिथं नेलं.

आधी जखम भरली, मग गादी घेतली. आता तो चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढतो आणि खुर्चीत दर थोड्या वेळानं हातांवर अंग उचलतो. इजेखाली घाम येत नाही, म्हणून आपल्या 45 अंशांच्या उन्हात त्याची आई अंगावर ओला दुपट्टा ठेवते. रोबोटबद्दल वडील अजूनही विचारतात, आणि मी दर वेळी बसून पुन्हा सगळं समजावतो.