‘नोकरी मिळवण्याची ७ गुपितं’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. “मावशी, थोडे पैसे उसने देशील? जॉइनिंगच्या आधी ट्रेनिंगची अनामत भरायची आहे. परत मिळणार आहेत.” आठ महिने ती घरी बसून आहे, त्यामुळे ऑफर आली हे ऐकून मला आधी आनंदच झाला. मग विचारलं, मुलाखत कोणी घेतली? तर ती चॅटवरच झालेली. अनामतीचा पहिला हप्ता तिने भरूनही टाकला होता, आता दुसरा मागत होते. तुला जरासुद्धा शंका आली नाही का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “आली होती. पण त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना, चांगल्या कंपन्या अनामत घेतात म्हणून.”

तो मेसेज म्हणजे ‘नोकरी मिळवण्याची ७ गुपितं, जी एचआर तुम्हाला कधीच सांगणार नाही’. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो सांगतो ते असं: (१) ७५ टक्के रेझ्युमे माणसाने पाहण्याआधीच सॉफ्टवेअर फेकून देतं, म्हणून जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत लपवा. (२) रिक्रूटर फक्त ६ सेकंद बघतो, म्हणून रेझ्युमे रंगीत आणि एकाच पानाचा हवा. (३) मुलाखतीत ९३ टक्के प्रभाव देहबोलीचा, उत्तरं दुय्यम. (४) ८० टक्के नोकऱ्यांची जाहिरातच निघत नाही, अर्ज करणं म्हणजे वेळ घालवणं. (५) गॅप असेल तर तारखा पुढेमागे करा, कोणी तपासत नाही. (६) दरवर्षी नोकरी बदला. (७) ट्रेनिंगची किंवा लॅपटॉपची अनामत मागितली तर घाबरू नका, गंभीर कंपन्याच ती घेतात.

मी चौदा वर्षं भरतीचं काम केलं आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसणं मला शक्य नाही. सुरुवात सातव्यापासून करते, कारण बाकीच्यांनी माणूस भरकटतो, पण सातव्याने लुबाडला जातो.

काम देणारा पैसे देतो, मागत नाही. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार आहे. त्याचं सातवं कलम सांगतं की, खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पूर्ण किंवा अंशतः, कोणतंही शुल्क वा खर्च घेऊ नये. काही गटांसाठी सरकारला अपवाद करता येतो आणि सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, हे मान्य. पण याच संघटनेने २०१६ मध्ये न्याय्य भरतीची तत्त्वं ठरवली, त्यांतही भरतीचा खर्च कामगारावर किंवा नोकरी शोधणाऱ्यावर पडता कामा नये असंच आहे. मग ‘भरतीशी संबंधित खर्च’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्याही त्यांनी केली. तिच्यात वैद्यकीय तपासणी, कौशल्य चाचणी, साधनसामग्री आणि प्रशिक्षण हे सगळं येतं. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी अनामत देणं बरोबर आहे असं मेसेज सांगतो, त्या दोन्ही या व्याख्येत नावानिशी आहेत.

ही फसवणूक चालते कशी, तेही समजून घ्या. पहिली रक्कम मुद्दाम छोटी असते आणि ‘रिफंडेबल’ हा शब्द दहादा येतो. ती भरली की फाइल पुढे सरकवण्यासाठी दुसरी, लॅपटॉपच्या विम्यासाठी तिसरी. दुसरी रक्कम माणूस नोकरीसाठी भरत नाही, पहिली बुडू नये म्हणून भरतो. माझी भाची भोळी नाही. आठ महिने ‘तुमची निवड झालेली नाही’ हेच वाचत राहिलेल्या माणसाला ‘अभिनंदन’ हा शब्द दिसला की त्याचं काय होतं, हे या लोकांना नीट माहीत असतं.

अशी ऑफर आली तर तीन गोष्टी करा. ऑफर लेटरवरचा फोन नंबर वापरू नका. कंपनीची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या नंबरवर विचारा. मेल ज्या पत्त्यावरून आली त्यातलं @ नंतरचं अक्षर न् अक्षर वेबसाइटच्या नावाशी ताडून पाहा, एखादं अक्षर जास्त किंवा एखादी आडवी रेघ घुसवलेली असते. आणि त्यांना सांगा, “ही रक्कम माझ्या पहिल्या पगारातून कापून घ्या.” त्यावर घाई, दटावणी किंवा ‘आज रात्रीपर्यंतच मुदत’ असं उत्तर आलं तर बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका, त्याच तासाला बँकेला कळवा आणि पोलिसांत तक्रार करा. उशीर होईल तशी रक्कम अडवण्याची शक्यता कमी होत जाते. ओळखपत्रांच्या प्रती दिल्या असतील तर तेही तक्रारीत लिहा.

आता पहिला मुद्दा, ज्यावर अख्खा मेसेज उभा आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला तिचा रेझ्युमे पाठवला. पीडीएफ उघडली, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवला. तिचं काम हिशेबाचं: बँक रिकन्सिलिएशन, महिनाअखेरचं क्लोजिंग, ऑडिटची तयारी. पण नोटपॅडमध्ये शेवटी चार ओळी जास्तीच्या निघाल्या. पायथन, मशीन लर्निंग, क्लाउड मायग्रेशन, टीम लीडरशिप. कागदावर पांढऱ्यावर पांढरं, म्हणून न दिसणारं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, तिने आयुष्यात तिची एक ओळ लिहिलेली नाही.

अर्जांचं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे एटीएस म्हणतात, नेमकं मी नोटपॅडमध्ये केलं तेच करतं. रंग, फॉन्ट काढून टाकतं आणि नुसता मजकूर उचलतं. रिक्रूटरला बऱ्याचदा तोच मजकूर समोर दिसतो. म्हणजे जे लपवलं ते यंत्रापासून लपत नाही आणि माणसापासूनही नाही. माझ्यासमोर असे रेझ्युमे आले आहेत. अशा अर्जातलं बाकीचं सगळं खरं असलं तरी मी पुढे वाचू शकले नाही, कारण कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा हेच कळेनासं होतं. आणि समजा, लपवलेल्या शब्दांमुळे मुलाखतीला बोलावलंच, तर पहिला प्रश्न पायथनचा असेल. तिथे ती काय सांगणार होती?

मग तो ७५ टक्क्यांचा आकडा आला कुठून? माग काढत गेलं की तो प्रेप्टेल नावाच्या एका अमेरिकन कंपनीपाशी जाऊन थांबतो. रेझ्युमे सॉफ्टवेअरला चालेल असा ‘सुधारून’ देणं हाच तिचा धंदा होता. आकड्यामागे ना पाहणी, ना पद्धत, काहीही प्रसिद्ध झालं नाही. २०१३ मध्ये कंपनी बंद पडली, पण आकडा अजून फिरतो आहे आणि अजूनही तो बहुतेक रेझ्युमे विकणारेच फिरवतात.

एटीएस हे मुळात अर्जांचं रजिस्टर आहे. कोणी, कधी, कुठल्या जागेसाठी अर्ज केला हे ते साठवतं आणि शोधू देतं. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर: कामाचा परवाना आहे का, अमुक परवानापत्र आहे का, किमान इतकी वर्षं अनुभव आहे का. तिथे ‘नाही’ लिहिलं की रात्री दोन वाजताही नकाराची मेल येते आणि माणसाला वाटतं, यंत्राने माझा रेझ्युमे वाचून फेकला. बाकी नकारांचं कारण बरंच साधं असतं. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, रिक्रूटर आधी आलेल्यांतूनच दहा-बारा नावं काढतो आणि उरलेले उघडलेच जात नाहीत. हे अन्यायाचं आहे, पण त्यावर पांढरी अक्षरं हा उपाय नाही. जाहिरात निघाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत अर्ज करणं, हा आहे. रेझ्युमेची मांडणी साधी ठेवा. दोन कॉलम, तक्ते, चित्रातली अक्षरं नकोत, फोन नंबर हेडरमध्ये नको, कारण तिथला मजकूर कधीकधी उचललाच जात नाही. जाहिरातीत ‘अकाउंट्स पेएबल’ लिहिलं असेल आणि तुम्ही तेच काम ‘व्हेंडर बिलिंग’ या नावाने केलं असेल, तर जाहिरातीतला शब्द वापरा. काळ्या अक्षरांत, कामाच्या वर्णनात. आणि मी केली ती नोटपॅडची चाचणी स्वतः करा. दोन मिनिटं लागतात.

यंत्र कोणालाच गाळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इथे मला त्या मेसेजला अर्धं माप द्यावं लागतं, नाखुशीने का होईना. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर ही सल्लागार कंपनी यांनी २०२१ मध्ये एक अहवाल काढला. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतले २,२५० हून अधिक वरिष्ठ अधिकारी आणि कामाबाहेर किंवा अपुऱ्या कामावर राहिलेली ८,००० हून अधिक माणसं त्यांनी पाहणीत घेतली. कामाला लायक असलेले कुशल उमेदवार केवळ जाहिरातीतल्या निकषांशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून गाळले जातात, हे त्यातल्या ८८ टक्के कंपन्यांनी स्वतःच कबूल केलं. सहा महिन्यांपेक्षा मोठा गॅप असलेले रेझ्युमे सुमारे निम्म्या कंपन्या बाजूला काढतात. मात्र हे निकष माणसांनी लावलेले आहेत. सहा महिन्यांची चाळणी कोणीतरी एचआरमध्ये बसून टिकमार्क करून लावली. माझ्या एका जुन्या ऑफिसात ती होती. ती काढायला सांगितलं तेव्हा कळलं की ती कोणी आणि का लावली हे कोणालाच आठवत नव्हतं. बाळंतपण, आजारी आईवडील, बंद पडलेली कंपनी, सगळे त्या एका टिकमार्कने बाहेर.

याच अहवालामुळे पाचवा मुद्दा, तारखा पुढेमागे करण्याचा, मोहात पाडतो. तो करू नका. ‘कोणी तपासत नाही’ हे धादांत खोटं आहे. जॉइनिंगच्या तारखा ही पडताळणीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज तपासली जाणारी गोष्ट आहे, जुन्या ऑफिसला एक मेल पुरते. ऑफर हातात असताना ती जाते, किंवा नोकरी लागून वर्ष झाल्यावर कामावरून काढायला कारण मिळतं. गॅपला रेझ्युमेत स्वतःची एक ओळ द्या: अमुक महिना ते अमुक महिना, घरातल्या आजारपणाची देखभाल, त्या काळात अमुक कोर्स किंवा अमुक छोटं काम. काही केलं नसेल तर नुसती देखभाल लिहा. त्यात कमीपणा नाही.

पण ही ओळ लिहूनही अर्ज चाळणीत अडकला तर? तिथे माणूस लागतो आणि म्हणून चौथ्या मुद्द्यात थोडं सत्य आहे. ८० टक्क्यांच्या आकड्याला मेसेजने कसलाच आधार दिलेला नाही. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या व्यावसायिकांचा अभ्यास केला, तेव्हा ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून कळली होती. म्हणजे उरलेल्या ४४ टक्क्यांना दुसऱ्या वाटांनी मिळाली, अर्ज करणं व्यर्थ नाही. त्यातली खरी उपयोगाची गोष्ट मेसेज सांगतच नाही. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांच्या ओळखी अधूनमधूनच्या किंवा क्वचितच्या. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरचे प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले, त्यांतही नोकरी बदलायला घट्ट ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखीच जास्त उपयोगी पडल्या.

भाचीला मी जुन्या कामातली वीस नावं काढायला लावली. त्यात मैत्रिणी नाहीत. दर वर्षी येणारा ऑडिटर, दुसऱ्या विभागातली बाई, कंपनी सोडून गेलेला सीनियर. प्रत्येकाला पाच ओळी: “आपण अमुक वर्षी ऑडिटच्या वेळी एकत्र काम केलं होतं. मी चार वर्षं महिनाअखेरचं क्लोजिंग सांभाळलं. सध्या तशाच कामाच्या शोधात आहे. तुमच्या कंपनीत फायनान्समध्ये भरतीचं कोण बघतं, सांगाल का?” नोकरी मागायची नाही, उत्तर देता येईल असा एक प्रश्न विचारायचा. ‘काही असेल तर कळवा’ लिहिलं की समोरचा ‘हो’ म्हणतो आणि विसरतो.

उरलेले तीन मुद्दे लवकर संपवते. सहा सेकंदांचा आकडा लॅडर्स या नोकऱ्यांची वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीच्या २०१२ च्या पाहणीतला आहे, ३० रिक्रूटर्सवर केलेल्या. २०१८ मध्ये त्यांनीच तो ७.४ केला. ती पहिली नजर आहे, नाव पुढच्या यादीत गेलं की रेझ्युमे नीट वाचला जातो. त्यातून शिकायचं इतकंच की सगळ्यात महत्त्वाचं काम पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात यावं. रंगांची गरज नाही आणि पंधरा वर्षांचा अनुभव एका पानात कोंबायचीही नाही.

९३ टक्के देहबोली हा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांचा विपर्यास आहे. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून, चेहऱ्यांच्या फोटोंसोबत, बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती. हा निष्कर्ष भावना आणि आवडनिवड यांपुरताच आहे, असं खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. मुलाखतीच्या आदल्या रात्री आरशासमोर बसण्याऐवजी स्वतःच्या कामाचे चार प्रसंग आकड्यांसकट तयार करा: अडचण काय होती, मी काय केलं, काय बदललं.

दरवर्षी नोकरी बदलण्याबद्दल: बदलणाऱ्यांची पगारवाढ बहुतेक काळ जास्त असते हे खरं आहे, अटलांटा फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अटलांटा शाखेची, आकडेवारी तेच दाखवते. पण मंदीनंतर, २००९-१० च्या सुमारास, तो फायदा उरला नव्हता. शिवाय बदलणारे दरवर्षी बदलतात असं ती आकडेवारी म्हणत नाही. पुढचं पत्र हातात असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

भाचीने बँकेत आणि पोलिसांत तक्रार केली आहे, पैशांचं अजून काही कळलेलं नाही. पांढऱ्या ओळी काढून टाकल्या. वीसपैकी अकरा मेसेज गेले, तिघांची उत्तरं आली, त्यातल्या ऑडिटरने सोमवारी फोन कर म्हणून सांगितलं आहे. घरच्या ग्रुपवर ज्याने तो मेसेज टाकला त्याला मी किमान सातवा मुद्दा तरी मागे घे, असं दोनदा लिहिलं. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही आणि मेसेज तिथेच आहे, म्हणून हे सगळं इथे लिहिलं.