बिरसीचं विमान आणि वाघ नदीपलीकडची माणसं

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात वाद पेटला. कुणीतरी मागणी टाकली होती की गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरच्या विमानाच्या वेळेला जुळेल अशी एसटी बस शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून सोडावी. त्यावर आमच्या मोठ्या दादाने लिहिलं, "बालाघाटवाल्यायसाठी आपली एसटी कायले? पहिले आमच्या गावाले गाडी द्या." खाली अंगठ्यांची रांग लागली. मी इथून, जर्मनीतून, विरोधात दोन ओळी लिहिल्या, तर उत्तर आलं, "तुले तिकडं बसून बोलाले काय जाते?" हे वाक्य मला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादाचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. सालेकशाकडच्या आडगावात एसटीची वाट पाहणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. माझं शिक्षण त्याच गाडीच्या भरवशावर झालं. पण तुमच्या गावची गाडी बालाघाटच्या प्रवाशाने पळवलेली नाही. त्याला बस नाकारली म्हणून ती तुमच्या गावाला मिळेल, असंही नाही.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे विस्तारासाठी गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, घरं गेली, आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. इतकं झाल्यावर प्रवासी विमान आलं ते १३ मार्च २०२२ ला, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. काही महिन्यांत ते बंद पडलं. १ डिसेंबर २०२३ ला हैदराबाद आणि तिरुपतीचं विमान सुरू झालं. पहिल्याच मार्गावर इंदूर का होतं, याचा दादाने विचार करावा. गोंदियाचं विमान एकट्या गोंदिया जिल्ह्याच्या जिवावर भरत नाही. बालाघाट, वारासिवनी, किरणापूर, लांजी, पलीकडे छत्तीसगडमधलं डोंगरगड, एवढा मुलूख धरला तरच ते टिकतं. नाही धरला तर ती माणसं नागपूरला जातात किंवा रायपूरला, आणि बिरसीत फक्त वैमानिक शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं उडतात. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांना त्यातून किती रोजगार मिळणार?

मी राहतो लोराखला, स्वित्झर्लंडच्या बाझल शहराजवळच्या जर्मन गावात. विमान पकडायचं तर एस-६ या लोकल गाडीने बाझलच्या एसबीबी या मुख्य स्टेशनवर उतरतो आणि बाहेर ५० नंबरची बस धरतो. घर जर्मनीत, बस स्वित्झर्लंडची, विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर. बस दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या रस्त्याने थेट स्विस दारापाशी जाते, मध्ये कुणी अडवत नाही. हा विमानतळ १९४६ मध्ये उभा राहिला. जमीन फ्रान्सने दिली, बांधकामाचा पैसा बाझलने घातला आणि १९४९ मध्ये दोन देशांनी करार केला. तेव्हा युरोपात महायुद्धाची राख निवली नव्हती. आमच्याकडे दोन राज्यं आहेत, दोन देश नाहीत, आणि त्यांच्यात युद्ध झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"तिकडे ट्रेन असेल," असं एका भाच्याने लिहिलं. नाही. विमानतळापर्यंत रेल्वे न्यायची चर्चा इथे कित्येक वर्षं चालू आहे, पण अजून रूळ पडलेला नाही. तोवर लोकांनी बस चालवली. मुद्दा तोच आहे.

आमच्या सरहद्दीचं वय तरी काय? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि आमचा तेव्हाचा भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी राज्यं बदलली. मधली वाघ नदी तिथेच राहिली. पोवारी दोन्ही काठांना बोलतात, सोयरिकी होतात, दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, पलीकडचे पाहुणे येतात. माझी आत्या किरणापूरला दिलेली आहे. मंडईच्या दिवशी ती यायची तेव्हा घरात कुणी "मध्य प्रदेशवाली आली" म्हटल्याचं मला आठवत नाही. विमानतळ आल्यावर आत्या परकी झाली का?

अडचण आहे ती कागदाची. एका राज्याचा बसचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ प्रमाणे तिकडची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि त्यासाठी दोन राज्यांमध्ये परस्पर करार करून मार्ग व फेऱ्या ठरतात. मध्य प्रदेशाने आपलं परिवहन महामंडळ गुंडाळून वीसेक वर्षं झाली, त्यामुळे तिकडून सरकारी गाडीची लगेच आशा नाही. मग एसटीनेच पुढाकार घ्यायला हवा. वाघ नदीवरचा राजेगावचा पूल ओलांडायचा, रावणवाडीवरून कामठ्याकडे वळायचं, बिरसी आलंच. वाटेतल्या आपल्या गावांनाही ती गाडी मिळेल, हे दादाला दिसतच नाही.

आणि पैशाचं म्हणाल, तर छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेत विमानाच्या खुर्चीमागे जी तूट भरून दिली जाते, तिचा पाचवा हिस्सा राज्य सरकार देतं. खुर्चीसाठी तिजोरी उघडते. त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला दारापर्यंत आणायचं म्हटलं की सगळ्यांना हिशेब आठवतो.

आता मला खरं काय लागलं ते सांगतो. मी इथे ग्रेंझगेंगर, म्हणजे सरहद्द ओलांडून कामाला जाणारा आहे. पगार बाझलचा, मुक्काम पलीकडचा. आमच्याबद्दलही इथे बोललं जातं, की भाडं वाचवायला पलीकडे राहतात आणि आमच्या गाड्या भरतात. ट्राममध्ये हे कानावर आलं की मी खिडकीबाहेर बघतो, उत्तर देत नाही. तरीही ५० नंबरच्या बसमध्ये मला कुणी विचारलेलं नाही की तू कुठला आणि आमच्या बसमध्ये का. मी या शहराचा नाही, त्या देशाचा नाही, पण त्या बसचा प्रवासी आहे, आणि तेवढी जागा माझी आहे. दादाने "बालाघाटवाले" लिहिलं तेव्हा मला ते आत्याबद्दल वाटलं, आणि माझ्याबद्दलही. गावी गेलो की आता मलाही पहिल्यांदा हेच विचारतात, किती दिवस आहेस.

दादा, तू पंचायत समितीत ऊठबस करतोस, आमदारांकडे तुझा शब्द चालतो. एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे या मार्गाचा प्रस्ताव तू दे. अर्ज मी लिहून पाठवतो, कलमासकट. पहिली सही आत्याची घे.