विजेतेपद डिसेंबरमध्ये विकत मिळत नाही

लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉल लीगची अंतिम मालिका, जिंकली आणि तेव्हापासून एकच दावा सगळीकडे फिरतो आहे. न्यू जर्सीपासून टोरांटोपर्यंत बेसबॉल बघणाऱ्या मराठी घरांतही तो तितक्याच ठामपणे ऐकू येतो. दावा असा: बेसबॉलमध्ये खर्चाला मर्यादा नाही, श्रीमंत संघ हिवाळ्यात हवे ते खेळाडू उचलतात, निकाल डिसेंबरमध्येच लागतो आणि ऑक्टोबर, म्हणजे प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या), हा नुसता देखावा उरतो. त्याला जोडून आणखी चार गोष्टी येतात. ओहतानीचा करार ही पळवाट आहे, छोट्या संघांकडे पैसाच नाही, पूर्वीचा खेळ स्वच्छ होता आणि यावर उपाय म्हणजे आयपीएलसारखी ‘पर्स’.

मी न्यूयॉर्क मेट्सचा चाहता आहे, त्यामुळे डॉजर्सची वकिली करण्याचं मला काहीच कारण नाही. तरीही हा दावा मला मान्य नाही. ऑक्टोबरच्या रात्री ज्यांनी जीव ओतून सामने फिरवले त्यांचं श्रेय तो काढून घेतो, आणि जे मालक संघावर पैसे लावत नाहीत त्यांना आयती सबब देतो.

‘डॉजर्सनी पैसा ओतला म्हणून ते जिंकले.’ पैसा ओतला हे खरंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार झाला आणि त्याच महिन्यात पिचर (चेंडू टाकणारा) योशिनोबू यामामोतोशी बारा वर्षांचा ३२.५ कोटींचा. पण डॉजर्स काही २०२३ मध्ये श्रीमंत झाले नाहीत. २०१३ पासून ते दरवर्षी प्लेऑफमध्ये आहेत. २०२५ धरून तेरा वेळा, आणि त्यातली विजेतेपदं तीन. २०१९ मध्ये १०६ सामने जिंकून ते वॉशिंग्टनकडून हरले. २०२१ मध्ये पुन्हा १०६ जिंकले आणि अटलांटाने त्यांना घरी पाठवलं. २०२२ मध्ये १११ सामने जिंकले, तेव्हा पहिल्याच मालिकेत सॅन दिएगोने ३-१ ने हरवलं. २०२३ मध्ये शंभर विजय होते, समोर ८४ विजयांचा अ‍ॅरिझोना होता, आणि डॉजर्सना एकही सामना जिंकता आला नाही. पैशाने ट्रॉफी मिळत असती तर या दहा वर्षांचं काय करायचं? पैसा १६२ सामन्यांच्या लांब हंगामात काम करतो. दुखापती झाल्या तरी बदली खेळाडू चांगला असतो आणि प्लेऑफचं दार उघडं राहतं. आत गेल्यावर पाच-सात सामन्यांच्या मालिकेत तो फायदा फार पातळ होतो.

माझ्याच संघाकडे बघा. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सनी हुआन सोतोशी पंधरा वर्षांचा ७६.५ कोटींचा करार केला, तोपर्यंतचा खेळातला सगळ्यात मोठा. सोतो चांगला खेळलाही. संघ ८३ विजय आणि ७९ पराभवांवर थांबला. शेवटच्या दिवशी आम्ही मायामीत जिंकायचं आणि सिनसिनाटीने हरायचं, असं गणित होतं. सिनसिनाटी हरलं, पण आम्हीही हरलो. तितकेच विजय असलेला सिनसिनाटी टायब्रेकरवर प्लेऑफमध्ये गेला. त्याआधी २०२३ मध्ये लीगमधला सगळ्यात महाग संघ मेट्सचाच होता. त्या वर्षी विजय ७५, आणि हंगाम संपायच्या आतच मोठे पिचर शर्झर आणि व्हर्लँडर यांना दुसरीकडे पाठवावं लागलं. शर्झर ज्या टेक्सासला गेला, त्यांनी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. २००० च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला २५.२ कोटी देणारा संघ हाच टेक्सास. तो तिथे खेळला ती तिन्ही वर्षं टेक्सास आपल्या गटात शेवटचा होता. लॉस एंजेलिस एंजल्सकडे तर माइक ट्राउट आणि ओहतानी सहा हंगाम एकत्र होते आणि त्या सहांपैकी एकाही वर्षी त्यांना प्लेऑफ दिसले नाहीत.

उलट बाजूचंही एक उदाहरण देतो, कारण ते लपवणं बरोबर नाही. २००८ च्या हिवाळ्यात यांकीजनी सबाथिया, टेशेरा आणि बर्नेट असे तीन मोठे खेळाडू घेतले आणि २००९ मध्ये ते जिंकले. हिवाळ्यातली खरेदी थेट फळली असं स्वच्छपणे म्हणता येईल अशी ही घटना. त्यानंतर यांकीजनी खर्च काही थांबवलेला नाही आणि त्यांना एकही विजेतेपद मिळालेलं नाही.

‘ऑक्टोबर नुसता देखावा आहे.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. १ नोव्हेंबर २०२५, टोरांटो, सातवा सामना. नवव्या इनिंगमध्ये टोरांटो ४-३ ने पुढे आणि विजेतेपदापासून दोन बाद दूर. बॅटिंगला मिगेल रोहास, वय ३६, बचावासाठी ओळखला जाणारा खेळाडू. त्याने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, आणि बरोबरी झाली. ७० कोटींच्या माणसाने नव्हे, त्याने. मग नवव्याच्या दुसऱ्या अर्ध्यात टोरांटोची बॅटिंग, तिन्ही बेसवर त्यांचे खेळाडू, एक बाद; एक धाव झाली की सामना त्यांचा. चेंडू पुन्हा रोहासकडेच आला, तोल जात असताना त्याने तो होम प्लेटकडे फेकला आणि कॅचर विल स्मिथचा पाय जेमतेम वेळेत प्लेटवर टेकला. पुढच्याच बॅटरच्या वेळी अँडी पाहेस, जो त्याच इनिंगमध्ये बचावासाठी मैदानात आला होता, सहकाऱ्याच्या अंगावर जाऊन आदळला आणि तरी त्याने झेल सोडला नाही. यातला कुठलाही एक क्षण बोटभर इकडेतिकडे झाला असता तर आज सगळे टोरांटोच्या विजयाच्या गोष्टी सांगत असते. अकराव्या इनिंगमध्ये स्मिथच्या होमरनने ५-४ झाले.

यामामोतोने त्या मालिकेत तीन सामने जिंकले, आणि त्याला पैसे देऊनच आणलं होतं, हे मान्य. पण सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकल्यावर दुसऱ्याच रात्री पुन्हा येऊन शेवटचे आठ बाद मिळवणं हे कुठल्या करारात लिहिलेलं नसतं. आणि त्याआधीचा अठरा इनिंगचा तिसरा सामना आठवा. त्यात शेवटी चार इनिंग एकही धाव न देता टाकणारा विल क्लाइन कोण, हे त्या संध्याकाळपर्यंत डॉजर्सच्या कितीतरी चाहत्यांनाही ठाऊक नव्हतं.

शिवाय समोरचा टोरांटो काही गरीब बिचारा नव्हता. त्याच वर्षी त्यांनी व्लादिमिर गरेरो ज्युनियरला चौदा वर्षांचे ५० कोटी देऊन ठेवून घेतलं होतं. पण पाचव्या सामन्यात डॉजर्सचे बारा बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करणारा ट्रे येसाव्हेज त्या वर्षाच्या सुरुवातीला सिंगल-ए मध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, पिचिंग करत होता.

आता हिवाळ्याकडे जरा नीट बघू. कारण दाव्यात एक गोष्ट अर्धी खरी आहे: ऑक्टोबरचे नायक बरेचदा हिवाळ्यातच मिळतात. फक्त ते मथळ्यात नसतात. डिसेंबर २००२ मध्ये मिनेसोटाने डेव्हिड ऑर्टिझला सोडून दिलं. पुढच्या महिन्यात बॉस्टनने त्याला साडेबारा लाख डॉलरवर घेतलं. २००४ मध्ये यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे असताना, चौथ्या सामन्याच्या बाराव्या इनिंगमध्ये ज्याच्या होमरनने बॉस्टन जिवंत राहिलं तो हाच ऑर्टिझ. त्याच रात्री नवव्या इनिंगमध्ये दुसरा बेस चोरून, म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच धावत गाठून, बरोबरीची वाट उघडणारा डेव्ह रॉबर्ट्स जुलैच्या अखेरीस एका किरकोळ ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) आलेला, आणि तोच आज डॉजर्सचा मॅनेजर आहे. मॅक्स मन्सीला ओकलंडने २०१७ च्या मार्चमध्ये काढून टाकलं, डॉजर्सनी मायनर लीगच्या (खालच्या दर्जाच्या लीगच्या) करारावर घेतलं, आणि टोरांटोच्या त्या सातव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये अंतर एका धावेवर आणणारा होमरन त्याचा. टेक्सासच्या अडोलिस गार्सियाला फेब्रुवारी २०२१ मध्ये मुख्य यादीतून वगळलं, तेव्हा इतर २९ पैकी एकाही संघाने हात वर केला नाही. २०२३ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना अकराव्या इनिंगमध्ये त्यानेच संपवला. अर्थात त्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये बरोबरी साधणारा कोरी सीगर ३२.५ कोटींचा होता. दोघेही लागले. सीगरच्या बातमीवर महिनाभर चर्चा झाली, गार्सियाच्या बातमीवर एक ओळ आली, एवढाच फरक. हिवाळ्यातल्या बातम्या वाचताना मी म्हणूनच आधी त्या एका ओळीच्या बातम्या बघतो.

‘ओहतानीचा करार ही पळवाट आहे.’ ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार, हे खरं. पण नंतर पैसे देण्याची मुभा तिसाही संघांना आहे, आणि लक्झरी टॅक्सच्या (ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पगारखर्च करणाऱ्या संघाला भरावा लागणाऱ्या कराच्या) हिशेबात ओहतानी दरवर्षी २० लाखांचा नव्हे तर सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो. प्रस्ताव त्याच्या बाजूने आला होता. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाचे तेव्हाचे प्रमुख फरहान झैदी यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या संघाचीही जवळजवळ तशाच अटींना तयारी होती. ही पद्धत नवीन तर मुळीच नाही. वॉशिंग्टनने २०१५ मध्ये मॅक्स शर्झरला दिलेल्या २१ कोटींपैकी निम्मे असेच पुढे ढकलले होते, ते २०२८ पर्यंत चालणार आहेत. त्या कराराच्या जोरावर वॉशिंग्टनने २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा कुणी पळवाट म्हटलं नाही. टोरांटोसाठी २०२५ च्या सातव्या सामन्याची सुरुवात करणारा पिचरही शर्झरच होता, तेव्हाही वॉशिंग्टनचे ते पैसे चालूच होते.

‘छोट्या संघांकडे पैसाच नाही.’ डॉजर्सचा स्थानिक टीव्ही करार प्रचंड आहे, पंचवीस वर्षांचा, आणि त्याची बरोबरी मिलवॉकी किंवा पिट्सबर्ग करू शकत नाहीत. ही विषमता खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका सामायिक निधीत जातात आणि तो तिसांत समान वाटला जातो. डॉजर्सनी २०२५ साठी भरलेला लक्झरी टॅक्स सुमारे १६.९ कोटी डॉलर आहे. राष्ट्रीय टीव्हीचे पैसे वेगळे आणि सगळ्यांना सारखे. तेव्हा एखादा मालक म्हणतो की आम्ही एकही मोठा खेळाडू घेऊ शकत नाही, तेव्हा त्याचे जमाखर्च उघडे करायला सांगायला हवं. खेळाडूंचे पगार आपल्याला सेंटपर्यंत माहीत असतात. बहुतेक मालकांच्या नफ्याचा आकडा कुणालाच दिसत नाही. आणि मिलवॉकीने २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले, डॉजर्सपेक्षाच नव्हे, सगळ्या लीगपेक्षा जास्त. पुढे डॉजर्सनी त्यांना ४-० ने हरवलं. शेवटच्या रात्री ओहतानीने पिचर म्हणून दहा स्ट्राइकआउट घेतले आणि बॅटर म्हणून तीन होमरन मारले. असं काही याआधी कुणी प्लेऑफमध्ये केलेलं नव्हतं. त्या रात्रीपुढे कुठल्याही संघाचं काही चाललं नसतं.

‘पूर्वीचा खेळ स्वच्छ होता.’ १९२३ ते १९६२ या चाळीस वर्षांत यांकीजनी वीस विजेतेपदं जिंकली. बेब रूथला त्यांनी १९१९ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनकडून एक लाख डॉलरला विकत घेतलं. रॉजर मॅरिस डिसेंबर १९५९ मध्ये कॅन्सस सिटीकडून आला आणि १९६१ मध्ये त्याने ६१ होमरन मारले. फरक इतकाच की तेव्हा पैसा एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जायचा, खेळाडूला विचारत कुणीच नसे. ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राहायचा. कर्ट फ्लडने १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९७२ मध्ये हरला. फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाण्याची मुभा, आली ती १९७५ च्या डिसेंबरमधल्या लवादाच्या निकालाने. त्या काळाला स्वच्छ म्हणताना फ्लडची आठवण ठेवावी.

मालकांनी तरी ती मोकळीक सहज कुठे दिली? १९८५ ते १९८७ या हिवाळ्यांत त्यांनी आपसात ठरवून दुसऱ्याच्या खेळाडूंवर बोली लावणंच बंद केलं. लवादाने ते कटकारस्थान ठरवलं, आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलर भरून मालकांना ते मिटवावं लागलं. त्या निकालामुळे जानेवारी १९८८ मध्ये जे काही खेळाडू पुन्हा मोकळे झाले, त्यांत कर्क गिब्सन होता. तो डॉजर्सकडे आला. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, दोन्ही पाय जायबंदी असताना, त्याने डेनिस एकर्सलीच्या चेंडूवर मारलेला होमरन आजही प्रत्येक चाहत्याच्या डोळ्यांपुढे असतो. २०२४ च्या पहिल्या सामन्यात घोटा दुखावलेल्या फ्रेडी फ्रीमनने त्याच मैदानात ग्रँड स्लॅमने (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या होमरनने) सामना संपवला, तेव्हा सगळ्यांना गिब्सनच आठवला. मालकांचं चाललं असतं तर गिब्सन त्या रात्री डॉजर्सच्या कपड्यांत नसता.

‘आयपीएलसारखी मर्यादा आणा, मग सगळ्यांना संधी मिळेल.’ २००८ ते २०२५ या अठरा हंगामांत, पर्सची मर्यादा असताना, मुंबई आणि चेन्नई प्रत्येकी पाच वेळा जिंकले आणि कोलकाता तीन वेळा. म्हणजे अठरापैकी तेरा ट्रॉफी तीन संघांकडे. त्याच अठरा वर्षांत मर्यादा नसलेल्या बेसबॉलमध्ये बारा वेगळे विजेते झाले. बेसबॉलमध्ये संघ तीस आहेत, आयपीएलमध्ये आठ ते दहा, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. पण मर्यादा आणली की विजेते आपोआप वाटले जातात, हे तरी यातून सिद्ध होत नाही.

मालक आणि खेळाडू संघटनेचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, म्हणून हा दावा आत्ताच इतक्या जोरात फिरण्याला महत्त्व आहे. मालकांनी पगारमर्यादेचा आग्रह याआधी धरला होता तो १९९४ मध्ये. खेळाडू ऑगस्टमध्ये संपावर गेले आणि सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. त्या दिवशी लीगमध्ये सगळ्यात पुढे होता माँट्रियल एक्स्पोज, ७४ विजय आणि ४० पराभव, आणि त्यांचा पगारखर्च सगळ्यात कमी असलेल्या संघांपैकी होता. स्वस्तात उभ्या केलेल्या त्या संघाला ऑक्टोबर मिळालाच नाही. पुढच्या एप्रिलमध्ये मालकांनी लॅरी वॉकरला जाऊ दिलं, ग्रिसम, वेटलँड आणि केन हिल यांना दुसऱ्या संघांना देऊन टाकलं, आणि दहा वर्षांनी संघच माँट्रियलमधून उचलून वॉशिंग्टनला नेला.