आम्ही हलवलेले सात वीरगळ

आज सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. देवळासमोर सिमेंटचा नवा चौथरा, त्यावर ओळीने उभे केलेले वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीत उभारलेल्या कोरीव शिळा), सगळ्यांना काळा ऑईलपेंट, कडांना सोनेरी पट्टी आणि मागे भला मोठा फ्लेक्स. खाली अभिनंदनाचा पाऊस. त्या पोरांनी दोन-तीन रविवार घाम गाळलाय हे दिसतच होतं, म्हणून तिथे मी काही बोलले नाही. पण चार वर्षांपूर्वी असाच एक फोटो आमचाही होता. त्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नाही, आज लिहिते.

आम्ही पंधरा-सोळा जण आहोत. दोन शेतकरी, एक मेडिकलवाले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, शाळेत शिकवणारी मी आणि बाकी कॉलेजची मुलं. महिन्यातले दोन रविवार कऱ्हाकाठच्या गावांतून हिंडतो. संस्था नोंदवलेली नाही, पावतीपुस्तक नाही. बारवेतला, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीतला गाळ घमेल्यांची साखळी करून वर काढायचा, पायऱ्यांच्या सांध्यात रुजलेली पिंपळाची रोपं बोटाएवढी असतानाच काढायची (मोठी झाल्यावर उपटली तर मुळांबरोबर चिराच निखळून येतो), जुन्या देवळांच्या आवारात पडलेल्या शिळांची मापं घ्यायची, शाळेतल्या मुलांना हे सगळं हिंडून दाखवायचं. एवढंच काम.

पहिल्या वर्षी आमचा उत्साह दांडगा होता. एका गावाच्या शिवारात सात वीरगळ विखुरलेले होते. कुणी बांधावर आडवा, कुणी ओढ्याकाठी निम्मा गाडलेला, एकावर तर बैल बांधायचे. आम्हाला ते बघवेना. सरपंचांना विचारलं, ट्रॅक्टर मिळाला, ट्रॉलीत पोती अंथरली आणि दोन दिवसांत सातही देवळापुढे आणून सिमेंटात घट्ट बसवले. गावाने नारळ फोडला. आम्हाला जेवण घातलं. त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

दोन वर्षांनी मूर्तिशास्त्राचे एक अभ्यासक विद्यार्थ्यांना घेऊन आले. गुडघ्यावर बसून प्रत्येक शिळा पाहिली आणि मग मला विचारलं, "बाई, यातली गाईंची शिळा कुठे उभी होती? तोंड कुणीकडे होतं? शेजारी सतीशिळा होती का?" मला सांगता येईना. सात दगड दोन दिवसांत इकडचे तिकडे झाले होते. कुठला बांधावरचा, कुठला ओढ्यावरचा, आमच्यातल्या कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. फोटो शेकडो होते, पण सगळे चौथऱ्यावरचे. ते रागावले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि चहाला चला म्हणाले. ते वही मिटणं मला अजून दिसतं.

ज्यांनी वीरगळ निरखून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत बहुधा वीर पडलेला असतो. त्याच्याजवळ गाई कोरलेल्या असतील तर गावाचं गोधन राखताना तो गेला असं समजायचं. त्याच्या वर लढाई. त्याहून वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे हे दोघे आहेत तोवर याची आठवण राहो. आणि इतकं सगळं कोरूनही बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नसतं. कोण होता, कुणाचा होता, काही लिहिलेलं नसतं. पुढच्यांनी ओळखायचं ते ती शिळा कुठे उभी आहे यावरून. गायरानाच्या तोंडाशी आहे, वेशीबाहेर आहे, ओढ्याच्या उताराशी आहे. जागा हेच त्याचं नाव. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर होड्यांतली लढाई कोरली आहे. त्या शिळा समुद्राच्या अंगाला का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गाईंच्या वीरगळाचंही कुठल्यातरी वाटेशी, पाणवठ्याशी तसंच नातं असणार. ते आम्ही तोडलं. चांगल्या मनाने तोडलं, पण तोडलं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की आपल्यासारख्या हौशी गटांचं पहिलं काम वही हे आहे. कुदळ, ट्रॅक्टर, सिमेंट सगळं नंतर. शिळा कुठे आहे, मोबाईलवर ते ठिकाण नोंदवा. तोंड कुठल्या दिशेला, जमिनीवर किती, गाडलेली किती, शेजारी काय, गावातली माणसं तिला काय म्हणतात, हे सगळं लिहा. चारही बाजूंनी फोटो काढा, फोटोत मोजपट्टी ठेवा. रस्त्याचं काम निघालंय, उद्या जेसीबी येणार आहे, अशी वेळ आली तर हलवावीच लागते, तेव्हा हलवा. देवळांच्या जीर्णोद्धारात वीरगळ पायाच्या भरावात गाडले गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. पण हलवण्याआधी अर्धा तास वहीला द्या. नोंद केलेली शिळा हरवली तरी थोडी उरते. नोंद न करता हलवलेली शिळा समोर उभी असून गेलेली असते.

रंगाचंही तेच. ऑईलपेंटने कोरीवकाम भरून जातं आणि दगडाच्या अंगातली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. आतून पापुद्रे सुटतात, मग रंग निघताना दगडाची कातडी घेऊन निघतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर हातातही धरू नका. साधं पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ, याच्या पलीकडे आपण जायचंच नाही. अक्षरं दिसावीत म्हणून त्यांत पीठ किंवा खडू घासायचीही गरज नसते. एका देवळाच्या पायरीवर काहीतरी कोरलंय अशी शंका होती. दिवसा सपाट दगड दिसायचा. अंधार पडल्यावर कंडक्टर काकांनी बॅटरी जमिनीलगत आडवी धरली आणि दगडातून ‘शके’ ही दोन अक्षरं सावलीसकट उभी राहिली. पुढचे आकडे पायांनी झिजून गेले होते. तरी आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा आहे. मराठीचा इतका जुना पुरावाही अशाच एका दगडावर टिकलाय. कुठल्या पायरीखाली काय असेल सांगता येत नाही.

शेंदराची गोष्ट मात्र वेगळी. सुरुवातीला एका गावात शेंदूर फासलेली शिळा पाहून आमच्यातला एक जण म्हणाला, हा थर काढूया, खाली शिल्प असेल. तिथे फुलं वाहायला आलेल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "लेका, त्यो आमचा म्हसोबा हाय. त्याला उघडा करू नगंस." आम्ही हात मागे घेतले. बरंच झालं. त्या बाईंच्या सासूने, सासूच्या सासूने तिथे पाणी घातलं म्हणून तो दगड आज जागेवर आहे. पूजेतली शिळा आमच्याकडे फक्त वहीत येते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले, जिंजी तमिळनाडूतला. मी त्या दिवशी वर्गात पेढे वाटले. गडांवर राबणारी मुलं आमच्याहून कितीतरी कष्टाचं काम करतात, पावसापाण्यात पाण्याची टाकी उपसतात. त्यांनाही हात जोडून एकच विनंती. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खोदू नका, आणि गाळात तोफगोळा, नाणं, काहीही मिळालं तर ते कुणाच्या शोकेसमध्ये जाऊ देऊ नका. कुठे आणि किती खोल मिळालं ते लिहा आणि सरकारजमा करा. देशभरात केंद्राच्या संरक्षणाखाली साडेतीन हजारांहून थोडी जास्त स्मारकं आहेत, राज्याची आणखी काही शे. बांधावरचा वीरगळ बहुतेक वेळा कुठल्याच यादीत नसतो. त्याच्यापर्यंत पोचणारी माणसं म्हणजे गावकरी आणि आपणच.

त्या सात शिळांचं आम्ही काय केलं? पुन्हा उखडल्या तर तुटतील, म्हणून तिथेच ठेवल्या. गेल्या वर्षापासून गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसतो. प्रत्येक शिळेचा फोटो मोठा छापून नेतो. एका मेंढपाळ आजोबांनी गाईंच्या शिळेचा फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ही गायरानातल्या बोरीखाली व्हती. उगवतीकडं तोंड. तिच्या सावलीला भाकर खायचो आम्ही." दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर चालत आले आणि काठीने जागा दाखवली. बोर आता नाही. जागा वहीत लिहिली, खाली आजोबांचा अंगठा घेतला. बाकी सहा पानं अजून कोरी आहेत.

येत्या रविवारी त्याच गावात जातोय. यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. आणि त्या शिवारातला जुना फोटो कुणाच्या घरी असेल, लग्नातला, बैलपोळ्याचा, कसलाही, ज्यात मागे एखादा उभा दगड दिसतोय, तर तेवढा पाठवा.