कर्ज फिटत नसेल तर आधी अर्ज, सेटलमेंट अगदी शेवटी

हप्ते चुकायला लागले की लोक बँकेचे फोन घेणं बंद करतात, आणि बरेच पर्याय तिथेच हातचे जातात. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. त्याच्या आत पुनर्रचनेसाठी, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळावा म्हणून, अर्ज करा. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं, बँक स्टेटमेंट आणि दरमहा किती झेपेल तो आकडा जोडा, प्रतीवर पोच घ्या. आकडा खरोखर झेपणाराच लिहा. नवा हप्ताही चुकला तर पुन्हा कोणी सवलत देत नाही.

घर तारण असेल तर त्याचा हप्ता सगळ्यात आधी. सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस संपली की बँक दिवाणी दावा न लावताही ताबा घेऊ शकते. या नोटिशीवर लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तरी किती जण गप्प बसून ते ६० दिवस घालवतात!

क्रेडिट कार्डावर ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरत राहणं मला सगळ्यात घातक वाटतं. १ लाख बाकी आणि महिना साडेतीन टक्के व्याज धरा. व्याज ३,५००, त्यावर जीएसटी ६३०. तुम्ही ५,००० भरलेत तरी मुद्दल उतरलं फक्त ८७० रुपये. कार्डाची बाकी ईएमआयमध्ये, म्हणजे ठरलेल्या मासिक हप्त्यांत, बदलून मागा, व्याजदर बहुतेकदा बराच कमी पडतो. आणि हप्ता भरायला लोन ॲपवरून नवं कर्ज अजिबात काढू नका.

सेटलमेंटमध्ये, म्हणजे बँकेशी ठरवून कमी पैशांत कर्ज मिटवण्यात, रक्कम घटते, पण सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. करायचंच असेल तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या: कर्ज खाते क्रमांक, रक्कम, तारीख, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द. पैसे कर्ज खात्यातच भरा, एजंटच्या हातात रोख कधीच नाही. ठरलेली तारीख हुकली की सौदा मोडू शकतो आणि भरलेले पैसे जुन्या थकबाकीत जमा होतात. शेवटी नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, तारणाचे कोरे चेक परत मागा.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ झाली तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

नुसतं कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. चेक न वटणं हा मात्र गुन्हा होऊ शकतो. चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवस पैसे भरायला मिळतात, म्हणून ती न स्वीकारता परत पाठवू नका. आणि कोणी जामीनदार असेल तर त्याला आजच कल्पना द्या, कारण बँक त्याच्याकडूनही पूर्ण रक्कम वसूल करू शकते.