शुक्रवारचा रविवार

परळला राहणारा माझा मावसभाऊ गेल्या वर्षीपासून शनिवारी उपासनेला जाऊ लागला आणि तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर शब्बाथाचा, म्हणजे विश्रांती आणि उपासनेचा पवित्र वार कोणता याचा, वाद पेटलेला आहे. रविवार हा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये फर्मान काढून लादलेला वार असून तो पाळणारे आपण सगळे शब्बाथ पाळण्याची चौथी आज्ञा मोडतो, असे त्याचे म्हणणे. त्यावर थोरले मामा रविवारी झालेल्या येशूच्या पुनरुत्थानाचा दाखला देऊन त्याला पाखंडी ठरवतात.

दुबईत बसून हे वाचताना माझी चिडचिड होते. कॉन्स्टंटाइनच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारी जमणाऱ्या मंडळीचे वर्णन लिहून ठेवले आहे, हे भावाला ठाऊक नाही. बायबलमध्ये त्रोवस शहरात प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि पेंगलेला तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडला, तो आठवड्याचा पहिला दिवस असला, तरी सूर्यास्तापासून दिवस मोजणाऱ्या यहुदी गणनेने ती कदाचित आपली शनिवारची रात्र असावी, हे मामांना सोयीचे नाही. शिवाय शनिवार म्हणजे आपल्याकडे काही नवे प्रकटीकरण नव्हे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तेल गाळणारे यहुदी, त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

आणि मुंबईचा रविवार तरी कोणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये तो मालकांकडून मिळवला. मामांचे आजोबा त्याच गिरण्यांत होते. ख्रिस्ती देवळाची घंटा त्यांना ऐकता आली ती एका हिंदू पुढाऱ्यामुळे, ज्याच्या लेखी रविवार हा खंडोबाचा वार होता.

मी इकडे २००८ मध्ये आलो. त्यानंतर तेरा वर्षे आमची उपासना शुक्रवारी होत असे, कारण रविवारी सगळे कामावर. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या चर्चच्या आवारात मल्याळम मंडळी बाहेर पडली की दारात फिलिपिनो लोकांची तगालोग मंडळी उभी, त्यांच्यानंतर आम्ही मूठभर मराठी कुटुंबे. ठरल्या वेळेत प्रभुभोजनाचा विधी उरकायचा आणि खुर्च्या सरळ करून निघायचे. आज्ञा मोडल्याचा आरोप तिथे कोणी कोणावर केल्याचे मला आठवत नाही. वार निवडण्याची चैन ज्यांना आहे तेच त्यावरून भांडतात, असे मी गटावर लिहिले. मामांनी उत्तर दिले, ‘तू तिकडचा झालास.’

ते मला झोंबले, कारण ते पूर्ण खोटे नव्हते. १ जानेवारी २०२२ पासून इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि आमची उपासनाही रविवारी गेली. इतकी वर्षे ज्यासाठी हळहळलो तो वार हाती आला, तर मला मात्र चुकल्यासारखे वाटत राहिले. मुंबईचा रविवार म्हणजे आईची नऊवारी, बाबांच्या हातातले गीतांचे पुस्तक आणि दुपारचे मटण; यांतले काहीच त्याच्याबरोबर आले नाही. शुक्रवार तेवढा गेला.

यंदा नाताळच्या रजेत परळला असताना एका शुक्रवारी मी सकाळीच उठून इस्त्रीचा सदरा घातला आणि पायात बूट चढवले. आईने स्वयंपाकघरातून विचारले, ‘आज कुठे रे निघालास?’